घोड्यांमधील दुर्बिणीद्वारे प्रजनन शस्त्रक्रिया

घोड्यांमधील दुर्बिणीद्वारे प्रजनन शस्त्रक्रिया म्हणजे घोडा व घोडी यांच्या प्रजनन अवयवांवर, पोट मोठ्या छेदाने न उघडता, सुमारे एक ते दोन सेंटिमीटर लांबीच्या दोन-तीन छिद्रांतून दुर्बीण व लांब दांड्याची उपकरणे आत घालून केली जाणारी शस्त्रक्रिया होय. पोटाच्या पोकळीत केल्या जाणाऱ्या अशा शस्त्रक्रियेस लॅप्रोस्कोपी, तर योनिमार्गाने गर्भाशयात दुर्बीण घालून केल्या जाणाऱ्या तपासणीस व उपचारास हिस्टेरोस्कोपी असे म्हणतात. पोटात अडकून राहिलेले वृषण काढणे, घोडीचे अंडाशय काढणे, अंडाशयाच्या गाठी काढणे, बीजवाहिनीतील अडथळा दूर करणे आणि खाली ओघळलेले गर्भाशय वर उचलून धरणे या तिच्या प्रमुख उपयोगांपैकी आहेत. यांतील बहुतेक शस्त्रक्रिया घोडा उभा असताना, गुंगीचे औषध व स्थानिक भूल देऊन करता येतात. पूर्ण भूल हा घोड्याच्या बाबतीत मोठ्या जोखमीचा भाग असल्याने या वैशिष्ट्याला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

घोड्याचे वजन साधारणतः ४०० ते ५०० किलोग्रॅम असते. एवढे जड जनावर पूर्ण भुलेखाली आडवे केल्यास त्याच्या स्नायूंवर व फुप्फुसांवर स्वतःच्याच वजनाचा भार पडतो. भूल उतरताना ते घाबरून धडपडत उठते आणि त्यात पाय मोडण्याचा धोका असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पोटशुळाची प्रकरणे वगळल्यावरही, पूर्ण भूल दिलेल्या घोड्यांपैकी सुमारे ०.९ टक्के घोडे भुलेशी संबंधित कारणांनी दगावल्याचे आढळले. पुढील काळात हे प्रमाण कमी झाले असले, तरी माणसांतील प्रमाणाच्या तुलनेत ते कितीतरी अधिक आहे. त्यामुळे घोडा उभा ठेवून करता येणारी शस्त्रक्रिया ही केवळ सोय नसून जीव वाचविण्याचा उपाय ठरते.

दुसरे कारण पोटाच्या जखमेचे आहे. घोड्याच्या आतड्यांचा सारा भार पोटाच्या खालच्या भिंतीवर येतो. तेथे मोठा छेद घेतल्यास टाके तुटणे, जखम चिघळणे किंवा पुढे तेथे अंतर्गळ होणे संभवते. असा छेद भरून येऊन घोडा पुन्हा कामाला लागण्यास दोन ते तीन महिने जातात. दुर्बिणीच्या छोट्या छिद्रांनंतर हाच काळ सामान्यतः दोन ते तीन आठवड्यांवर येतो.

इतिहास

घोड्यांच्या रोगांचा अभ्यास भारतात प्राचीन आहे. शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाणारी अश्ववैद्यकाची परंपरा आणि जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ हा ग्रंथ त्याची साक्ष देतात. पोटाच्या पोकळीत दुर्बिणीने पाहण्याची कल्पना मात्र विसाव्या शतकातील आहे. जर्मन शल्यवैद्य गेऑर्ग केलिंग यांनी १९०१ साली कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने निरीक्षण केले. स्वीडनचे हान्स क्रिश्चन जाकोबेअस यांनी १९१० साली माणसांतील अशा तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला.

घोड्यांत या तंत्राचा वापर १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. त्यावेळचा हेतू शस्त्रक्रियेचा नसून घोडीच्या अंडाशयाचे व बीजांड बाहेर पडण्याच्या क्रियेचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्याचा होता. १९८० च्या दशकात उभ्या घोड्यात पोटाची तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात न उतरलेले वृषण व घोडीचे अंडाशय दुर्बिणीने काढल्याचे अहवाल अमेरिकेतील पशुवैद्यकांनी प्रसिद्ध केले. त्यानंतर रक्तवाहिन्या विजेच्या उष्णतेने सांधून बंद करणारी उपकरणे उपलब्ध झाली आणि ही शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित व जलद झाली.

शरीररचना

घोडीचे अंडाशय घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे असून ते पाठीच्या बाजूने, मूत्रपिंडांच्या मागे, एका पातळ पडद्याच्या आधाराने लोंबत असतात. घोडी उभी असताना आतडी आपल्या वजनाने खाली जातात व अंडाशय वरच्या भागात मोकळे दिसू लागतात. उभ्या घोडीत, कुशीतून केलेली शस्त्रक्रिया सोयीची होते ती या रचनेमुळे. घोडीच्या अंडाशयाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, बीजांड त्याच्या पृष्ठभागावर कोठूनही बाहेर न पडता केवळ एका ठरावीक खाचेतून बाहेर पडते.

नर शिंगराचे वृषण गर्भावस्थेत मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जांघेतील नळीवाटे वृषणकोशात उतरतात. घोडीचा गर्भकाळ सुमारे ३४० दिवसांचा असून हे उतरणे गर्भकाळाच्या अखेरच्या महिन्यात सुरू होते व जन्मानंतर सुमारे दहा दिवसांत पूर्ण होते. ही क्रिया अपुरी राहिल्यास वृषण पोटात किंवा जांघेतील नळीत अडकून राहते. डाव्या बाजूचे न उतरलेले वृषण बहुधा पोटात, तर उजव्या बाजूचे बऱ्याचदा जांघेच्या नळीत आढळते.

शस्त्रक्रियेची पद्धत

शस्त्रक्रियेपूर्वी घोड्याचा चारा २४ ते ३६ तास बंद ठेवतात. पाणी मात्र देतात. आतडी भरलेली असतील तर दुर्बिणीपुढे जागा उरत नाही व उपकरण आतड्यात घुसण्याचा धोका वाढतो. घोड्याला लोखंडी खोड्यात उभे करून शिरेतून गुंगीचे व वेदनाशामक औषध देतात. डेटोमिडीन, झायलाझीन व ब्युटॉर्फेनॉल ही औषधे त्यासाठी प्रचलित आहेत. शेवटची बरगडी व कमरेचे टोकदार हाड यांच्या मधल्या कुशीच्या भागातील केस काढून, कातडी निर्जंतुक करून तेथे लिडोकेनसारख्या औषधाने स्थानिक भूल देतात.

त्यानंतर पहिल्या छिद्रातून नळी आत घालून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, जेणेकरून पोटाची भिंत आतील अवयवांपासून दूर होते. वायूचा दाब बहुधा १० ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. दुर्बिणीने अवयव पाहून, तिच्या नजरेखाली आणखी एक-दोन छिद्रे करून उपकरणे आत घेतात. डाव्या बाजूने शिरताना प्लीहा आणि उजव्या बाजूने शिरताना मोठ्या आतड्याचा आरंभीचा, पिशवीसारखा भाग यांना इजा होऊ नये याची विशेष काळजी घ्यावी लागते.

अवयव काढण्यापूर्वी त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात सुईने स्थानिक भूल देतात. ती नीट न दिल्यास ओढ बसताच घोडा दचकतो. मग रक्तवाहिन्या गाठ मारून अथवा विजेच्या चिमट्याने बंद करून अवयव सोडवतात आणि एक छिद्र थोडे मोठे करून तो बाहेर काढतात. पोटातील वायू सोडून छिद्रे टाके घालून बंद केली जातात.

माणसांसाठीची उपकरणे या कामाला पुरत नाहीत. त्यांची लांबी साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर असते, तर घोड्याच्या पोटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचण्यासाठी ४५ ते ६० सेंटिमीटर लांबीची उपकरणे लागतात. दुर्बीणही सुमारे ५७ सेंटिमीटर लांबीची वापरतात.

नर घोड्यांतील शस्त्रक्रिया

पोटातील वृषण काढणे हा या तंत्राचा सर्वांत रूढ उपयोग आहे. पोटातील उष्णतेमुळे अशा वृषणात शुक्राणू तयार होत नाहीत, परंतु नर संप्रेरकाची निर्मिती चालू राहते. असा घोडा बाहेरून खच्ची केलेला दिसला तरी तो घोड्यांच्या अंगावर धावून जातो, घोड्यांच्या कळपात भांडणे लावतो व स्वारासाठी धोकादायक ठरतो. खाली उतरलेले एकच वृषण काढून घोडा खच्ची म्हणून विकला गेल्यास नव्या मालकाची फसवणूक होते. शिवाय कोशात काहीच न उरल्याने दुसरे वृषण कोठे आहे हे पुढील पशुवैद्याला शोधत बसावे लागते. म्हणून पोटातील वृषण आधी काढावे आणि बाहेरचे नंतर, असा दंडक पाळला जातो.

घोडा खरोखर खच्ची केलेला आहे की नाही हे रक्ततपासणीने ठरविता येते. रक्तातील टेस्टोस्टेरॉनची पातळी प्रथम व संप्रेरकाचे इंजेक्शन दिल्यावर पुन्हा मोजणे ही जुनी पद्धत आहे. अलीकडे अँटी-म्युलेरियन संप्रेरकाची तपासणी अधिक सोयीची मानली जाते, कारण एकाच नमुन्यावरून वृषणाच्या ऊतीचे अस्तित्व समजते. न उतरलेल्या वृषणाचा दोष आनुवंशिक असल्याचे मानले जात असल्याने अशा घोड्याचा पैदाशीसाठी वापर करू नये. संप्रेरके देऊन वृषण खाली उतरविण्याचे प्रयत्न परिणामकारक ठरलेले नाहीत.

जांघेतील नळीचे आतील तोंड रुंद असल्यास आतड्याचा भाग तीत उतरून अडकतो व घोड्याला प्राणघातक पोटशूळ होतो. पैदाशीच्या घोड्याचे वृषण वाचवून हे तोंड दुर्बिणीतून अरुंद करण्याच्या शस्त्रक्रिया विकसित झाल्या आहेत. पूर्वी अशा घोड्याला खच्ची करणे हाच सामान्य उपाय होता.

खच्ची केल्यानंतर घोडा लगेच वांझ होत नाही. शुक्रवाहिनीच्या टोकाशी साठलेले शुक्राणू काही आठवडे टिकू शकतात. त्यामुळे त्याला काही आठवडे घोडीपासून वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

घोडीतील शस्त्रक्रिया

अंडाशय काढणे

घोडीच्या अंडाशयात सर्वाधिक आढळणारी गाठ ग्रॅन्युलोसा पेशींची असते. ती बहुधा एकाच बाजूला होते. गाठीतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे घोडी माजावर येणे बंद होते, सतत माजावर राहते अथवा नर घोड्यासारखी आक्रमक वागू लागते. दुसऱ्या बाजूचे निरोगी अंडाशय लहान व निष्क्रिय होते. त्यामुळे गुदद्वारातून तपासताना एक मोठे व एक अगदी लहान अंडाशय आढळणे हे निदानाचे महत्त्वाचे चिन्ह मानले जाते. गाठ काढल्यावर दुसरे अंडाशय पुन्हा कार्यरत होण्यास बहुधा सहा ते आठ महिने लागतात. तोपर्यंत घोडी माजावर आली नाही म्हणून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. फार मोठी गाठ छोट्या छिद्रातून निघत नाही. अशा वेळी तिच्यातील द्रव काढून किंवा पिशवीत तुकडे करून ती बाहेर घेतात.

दुर्बीण येण्यापूर्वी, योनीच्या भिंतीतून हात आत घालून साखळीच्या उपकरणाने अंडाशय चिरडून काढण्याची पद्धत होती. ती न पाहता, केवळ स्पर्शाने करावी लागे. रक्तवाहिनीतून रक्त वाहिल्यास ते दिसत नसे, तसेच आतड्याचा भाग चुकून साखळीत सापडण्याची भीती असे.

बीजवाहिनीतील अडथळा

घोडीच्या बीजवाहिनीची एक विलक्षण गोष्ट अशी की, फलित न झालेली बीजांडे वाहिनीतच अडकून राहतात आणि केवळ फलित भ्रूण पुढे गर्भाशयात जातो. भ्रूण सुमारे पाचव्या दिवसापासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा द्रव्यसंदेश सोडतो. त्यामुळे वाहिनीचे स्नायू सैल पडतात आणि सहा ते साडेसहा दिवसांनी भ्रूण गर्भाशयात पोहोचतो. काही घोड्यांच्या वाहिनीत कोलॅजनयुक्त गुठळ्या साचून मार्ग बंद होतो. अशा घोड्या अन्यथा निरोगी दिसत असूनही वर्षानुवर्षे गाभण राहत नाहीत.

२००६ साली इंग्लंडमधील संशोधकांनी हाच द्रव्यसंदेश उपचार म्हणून वापरला. त्यांनी दुर्बिणीतून वाहिनीच्या बाहेरील पृष्ठभागावर प्रोस्टाग्लँडिनचे मलम लावले. उपचार केलेल्या १५ घोड्यांपैकी १४ घोड्या त्याच अथवा पुढील हंगामात गाभण राहिल्या. घोड्यांची संख्या लहान असल्याने हा प्राथमिक अभ्यास होता, तरी या उपचाराकडे जगभरातील पैदासकारांचे लक्ष वेधले गेले. पुढे शस्त्रक्रिया न करता, गर्भाशयात दुर्बीण घालून वाहिनीच्या तोंडाशी तत्सम औषध सोडण्याची पद्धतही पुढे आली.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया

अनेक वेळा व्यालेल्या वृद्ध घोडीचे गर्भाशय पोटात खाली ओघळते. त्यात द्रव साचून दाह होतो व गर्भ राहत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात पाच घोड्यांच्या गर्भाशयाला आधार देणारा पडदा दुर्बिणीतून टाके घालून आखूड करण्यात आल्याचे व गर्भाशय वर उचलून धरल्याचे वर्णन आहे. गर्भाशयातील मोठ्या द्रवगाठी हिस्टेरोस्कोपीने, लेसरच्या साहाय्याने नष्ट करता येतात. थोड्याच शुक्राणूंचे वीर्य उपलब्ध असताना ते दुर्बिणीच्या मदतीने थेट बीजवाहिनीच्या तोंडाशी सोडण्याची पद्धतही वापरात आहे.

धोके व मर्यादा

- प्लीहा अथवा आतड्याला उपकरणाची इजा होणे.
- अवयवाच्या देठातून रक्तस्राव होणे.
- कातडीखाली वायू साचून सूज येणे. ही सूज बहुधा आपोआप ओसरते.
- छिद्रांच्या जागी पू होणे.
- शस्त्रक्रियेनंतर काही काळ पोटदुखी होणे.
- गुंगी अपुरी पडल्यास घोडा खाली बसणे किंवा उधळणे.

यांपैकी काही गंभीर उद्भवल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करण्याची तयारी ठेवावी लागते. अतिशय चंचल घोडे, हात लावू न देणारी शिंगरे आणि आकाराने लहान तट्टे उभ्याने शस्त्रक्रियेस अनुकूल नसतात. वृषण जांघेच्या नळीत असल्यास पोटात दुर्बीण घालण्याची गरज बऱ्याचदा पडत नाही. जांघेतील छेद तेथे अधिक सोपा ठरतो. अंडाशय काढल्याने प्रत्येक घोडीचा तापटपणा जातो असेही नाही. पाठीचे किंवा पायाचे दुखणे हे तिच्या वागण्याचे खरे कारण असू शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी आवश्यक असते.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात घोड्यांचे तीन वेगवेगळे जग आहे. पहिले शर्यतीच्या घोड्यांचे. मुंबईचे महालक्ष्मी व पुण्याचे रेसकोर्स ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची प्रमुख ठिकाणे असून, हिवाळ्यात मुंबईत व पावसाळ्यात पुण्यात शर्यती होतात. हंगाम बदलताना घोड्यांची वाहतूक पनवेल परिसरातून जाणाऱ्या मुंबई-पुणे मार्गाने होते. पुणे परिसरात पैदास केंद्रेही आहेत.

शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या नोंदणीसाठी नैसर्गिक संयोगातूनच जन्मलेले शिंगरू ग्राह्य धरले जाते. कृत्रिम रेतन व भ्रूण प्रत्यारोपण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याज्य आहे. त्यामुळे बीजवाहिनी बंद असलेल्या उत्तम रक्ताच्या घोडीला अन्य जातींप्रमाणे दुसऱ्या घोडीच्या गर्भाशयाची मदत घेता येत नाही. तिच्या स्वतःच्या शरीरातील अडथळा दूर करणे हाच मार्ग उरतो. प्रजनन शस्त्रक्रियेचे मोल या जातीत अधिक आहे ते यामुळे.

दुसरे जग देशी जातींचे आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार व नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा हे त्याचे मेळावे होत. तेथे मारवाडी व काठियावाडी घोड्यांची मोठी खरेदी-विक्री होते. अशा बाजारात वृषणांची तपासणी न करता घेतलेला घोडा मालकाला पुढे महागात पडू शकतो. भीमा खोऱ्यातील भीमथडी जातीला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. देशी जातींना थरोब्रेडचे निर्बंध लागू नाहीत. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील परिसरात मे २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मले व त्याला राज-प्रथमा असे नाव देण्यात आले. संख्येने कमी असलेल्या जातीत एकेका घोडीची प्रजननक्षमता टिकविणे हे जात टिकविण्याशी जोडलेले असते.

तिसरे जग कष्टकरी घोड्यांचे आहे. पनवेलच्या पूर्वेस, डोंगरमाथ्यावर वसलेल्या माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने प्रवासी व सामान वाहण्याचे काम घोडे करतात. पनवेल तालुक्यातील धोदाणी येथूनही माथेरानला पायवाट जाते. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या अश्वपालासाठी दोन-तीन महिने बसून राहणारा घोडा आणि दोन-तीन आठवड्यांत कामावर येणारा घोडा यांत मोठा फरक असतो. गर्दीच्या वाटेवर पर्यटकांना, विशेषतः मुलांना, पाठीवर घेणारा घोडा शांत असणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्यामुळे अर्धवट खच्ची केलेला घोडा तेथे अधिकच धोकादायक ठरतो.

मुंबईत परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय हे देशातील जुन्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक आहे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत ते व राज्यातील अन्य पशुवैद्यकीय महाविद्यालये येतात. शल्यचिकित्सा आणि पशुप्रजनन हे विषय त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आहेत.

कायदा व प्राणिकल्याण

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्यास नोंदणी आवश्यक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली २०२३ साली नवे नियम करण्यात आले. त्यांनुसार खच्चीकरण नोंदणीकृत पशुवैद्यकानेच व भूल देऊन करावयाचे आहे. भुलेविना, दोरखंडाने पाडून केले जाणारे पारंपरिक खच्चीकरण या नियमांत बसत नाही. पोटात वृषण असलेल्या घोड्यावर असा प्रयोग केल्यास रक्तस्राव होऊन किंवा आतडी बाहेर येऊन तो दगावू शकतो.

शस्त्रक्रियेनंतरची निगा

घोड्याला सुमारे एक ते दोन आठवडे तबेल्यात विश्रांती देतात व हाताने धरून थोडे चालवितात. चारा एकदम न देता थोडा-थोडा वाढवितात. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. खाणे बंद करणे, पोटाकडे वळून पाहणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, ताप येणे किंवा छिद्रातून रक्त अथवा पू येणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकास कळविणे आवश्यक असते.

हेही पहा

- घोडा
- पशुवैद्यक
- लॅप्रोस्कोपी
- शालिहोत्र
- माथेरान
- महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ